गुणवंता काचवाल्याची गोल खिडकी

ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांवर दगड मारतात, त्या पांढुर्ण्यात गुणवंता सोमकुंवरनं काचेचं दुकान टाकलं, तेव्हा त्याच्या सासऱ्यानं लेकीला एका बाजूला घेऊन विचारलं होतं, "शांते, जावई डोक्यानं बरा हाय ना वं?"

शांताबाईच्या लग्नाला तेव्हा सहाच महिने झाले होते. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "डोक्याचं अजून समजून नाई राहिलं, बाबा. पण हात लय नाजूक हाय."

या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. डोक्याचं शांताबाईला अजूनही पुरतं समजलेलं नाही. हाताबद्दलचं मत मात्र तिनं बदललेलं नाही.

गुणवंता सकाळी नऊला शटर वर करतो तेही एका रीतीनं. आधी अर्धंच वर करायचं, खालून वाकून रस्त्यावर कोण कोण आहे ते पाहायचं, आणि चार माणसं जमलेली दिसली की एका झटक्यात पूर्ण. आत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आरशांत त्या चौघांची एकदम चाळीस माणसं होतात. ते दचकतात. तोवर गुणवंता त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर पाणी शिंपडत असतो, जणू त्याला यातलं काही ठाऊकच नाही.

खरा प्रयोग रंगतो तो काच कापताना. हिऱ्याचं टोक असलेली त्याची हिरकणी घासलेटच्या डबीत बुडली, काचेवर लाकडी पट्टी आली, की तो डावा हात वर करतो.

"श्वास धरा."

गिऱ्हाईक श्वास धरतं. हिरकणी करकरत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, काचेवर केसाएवढी रेघ उमटते. मग तो काच टेबलाच्या कडेला आणतो, दोन अंगठे लावतो, डोळे मिटतो, आणि टच्! काच रेघेवर सुटते. गिऱ्हाईक तोवर लालबुंद. काच गुणवंतानं कापायची आणि श्वास आपण का धरायचा, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. एकदा तहसीलच्या मोठ्या साहेबानंही निमूटपणे श्वास धरला होता. त्या रात्री गुणवंता दोन भाकरी जास्त जेवला.

त्याचा आणखी एक नेम होता, सुताचा. इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक म्हणजे सूत. फ्रेम कितीही असो, गुणवंता काच एक सूत कमी कापणार. दोन फुटांची खिडकी असली तर दोन फुटांत एक सूत कमी. "काचीले हालाले-डोलाले जागा लागते," तो सांगायचा. "उन्हाळ्यात फ्रेम आवळते, पावसाळ्यात फुगते. काच बिचारी कुठी जाईन?" हे ज्ञान त्याला त्याच्या उस्तादानं नागपुरात दिलं होतं, आणि उस्तादाचं नाव निघालं की तो कानाच्या पाळीला हात लावायचा.

एवढं सगळं असलेल्या माणसाला दुःख कसलं असावं? पण होतं. पांढुर्ण्यातल्या आणि सौसरातल्या निम्म्या काचा त्याच्या हातच्या. दुकानांच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या, आणि गेलेल्या माणसांच्या फोटोंवरच्या. लोक त्या फोटोंपुढे उभे राहून रडत, हार घालत, अगरबत्ती लावत. काचेकडे कुणाचंच लक्ष नसे. ती दिसे फक्त मळल्यावर. मग म्हणत, "अवं, काच पूस."

तरुणपणी तर त्यानं याहून वाईट सोसलं होतं. थंडीच्या दिवसांत सौसरच्या मैदानात नाटकं लागत. रंगपटाचे आरसे गुणवंताच्या दुकानातून जात आणि त्यांच्याबरोबर तो स्वतःही जाई. तंबूच्या मागच्या अंगाला, एका उघड्या बल्बच्या पिवळ्या उजेडात, राजा मिशा चिकटवत असे. राणी, म्हणजे जवळच्याच खेड्यातला एक दणकट गवंडी, ओठ रंगवत असे. बाहेर पेटी सुरात येत असे. गुणवंता प्रत्येकाच्या मागं उभा राहून म्हणे, "कड पाहा भाऊ आरशाची. हातानं घासली मीनं. चार दिवस." राजा आरशात पाहत असे, राणी आरशात पाहत असे, आणि दोघंही स्वतःलाच पाहत असत. एकदा राणीनं मात्र वळून विचारलं, "काय म्हणता?" गुणवंताचा चेहरा उजळला. तेवढ्यात राणी म्हणाली, "जरा बाजूले व्हा, उजेड अडून राहिला."

तर अशा माणसाच्या दुकानात गेल्या माघात भाऊराव ढोके आले. भाऊराव बोरगावचे. तिगावच्या स्टेशनवर रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणून तीस वर्षं काढली, निवृत्त होऊन गावी परतले आणि तिथल्या बुद्धविहाराच्या समितीचे अध्यक्ष झाले. रेल्वे सुटली तरी बोलणं अजून शिटीसारखं. एक वाक्य, मग थांबा.

"जयभीम, गुणवंता. एक गोल काच पाह्यजे. दुधी. तीन फुटाची."

"जयभीम. कायले?"

"विहाराले. दरवाज्याच्या वर गोल भोक ठेवलं हाय. उगवतीकडे. पाखरं अंदर येऊन राहिले."

"मंग पाखरांसाठी काच लावता म्हणा."

"पाखरांसाठी नाई. पाखरं येऊ नाई म्हणून."

गुणवंताच्या हातात हिरकणी होती. ती त्यानं हळूच खाली ठेवली. उगवतीकडचं गोल भोक, तीन फुटांचं, आणि खाली बसलेली शे-दीडशे माणसं. त्याच्या डोळ्यांपुढे ऊन उभं राहिलं.

"दुधी नाई देत मी," तो म्हणाला. "रंगीत करून देतो. तुकड्यातुकड्याची. मधात कमळ, मंग पिंपळाचे पानं, भोवती निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारंगी. ऊन आलं का पाहाच तुम्ही."

"विहार हाय गुणवंता. लग्नाचा मंडप नोहे."

"मंडपात कापड राह्यते, भाऊराव. मी काच म्हणून राहिलो."

भाऊरावांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. सिग्नल द्यावा की नाही असं पाहत होते. शेवटी म्हणाले, "बुद्धपौर्णिमेपरेंत वेळ देतो. आदल्या दिवशी बसली तर बसली. नाई बसली तर सौसरातून दुधी काच आणून लावीन. मंग बोलाचं नाई."

"नाई बोलत."

त्या संध्याकाळी जेवताना गुणवंतानं शांताबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"एक डाव लोकायनं काचीकडे पाहावं," तो म्हणाला. "काचीतून नाई. काचीकडे. मी मरून जाईन आन माह्या फोटोवर बी काचच राहीन, तिच्यातून मलेच पाहतीन. जितेपणी एक डाव काच पाहा म्हणतो मी."

"आन पाह्यलं तर काय होईन?"

"मालूम नाई. अजून कोनं पाह्यलंच नाई."

शांताबाई हसली नाही. तिनं भाकरी उलटली आणि एवढंच म्हणाली, "मंग करा. पण माह्या टॉनिकच्या बाटलीले हात नका लावू. अर्धी भरून हाय अजून."

टॉनिकची बाटली तपकिरी होती. उन्हात धरली की पिकलेल्या संत्र्यासारखी दिसायची. बरोबर आठ दिवसांत शांताबाईला टॉनिक स्टीलच्या लोट्यात ओतलेलं सापडलं.

पुढचे दोन महिने गुणवंतानं काय काय गोळा केलं त्याला सुमार नाही. भंगारवाल्याकडून जुन्या न्हाणीघरांच्या नक्षीदार काचा. जुन्या कपाटाच्या दारातली पिवळी काच. गल्लीतल्या बायकांकडून फुटक्या बांगड्या. बायका आधी लाजल्या, मग पुडीच्या पुड्या आणून टाकू लागल्या, आणि शेवटी "गुणवंताभाऊ, आमची लाल कुठी लावली?" म्हणून रोज चौकशीला येऊ लागल्या. त्याची लेक प्रणाली नागपुरात घरांच्या सजावटीचं शिकली होती. सुटीला आली तेव्हा तिनं बापाला मोबाइलवर दाखवलं, काचेच्या तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकटपट्टी लावतात आणि दोन तुकडे सोल्डरनं जोडतात. गुणवंतानं ते तीन वेळा पाहिलं, कानाच्या पाळीला हात लावला आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून सोल्डरिंगची जुनी मशीन उसनी आणली. पहिल्या दिवशी बोटं भाजली. दुसऱ्या दिवशी सदरा. तिसऱ्या दिवसापासून काम जमलं.

तो एक तुकडा उचलायचा, उन्हात धरायचा, मान तिरकी करायचा आणि विचारायचा, "तू कोनाच्या बाजूले बसशीन?" निळा कधी लालशेजारी बसायला तयार नसायचा. मग मध्ये पांढऱ्याला बसवून दोघांची समजूत काढायची. हे सगळं मोठ्यानं चालायचं. गिऱ्हाइकं बाहेर खोळंबायची.

"बाबा, तुम्ही गिऱ्हाइकाशी एवढं गोड कधी बोलले नाही," प्रणाली म्हणाली.

"गिऱ्हाईक फुटत नाई, बेटा."

चैत्रात भाऊराव पाहणीला आले. टेबलावर काचेचं अर्धं चाक तयार होतं. पिंपळाची हिरवी पानं ओळीनं लागली होती. भाऊरावांनी चष्मा लावला.

"हे पानं कायचे?"

"काचीचे."

"काच कायची?"

"बाटलीची."

"बाटली कायची?"

प्रणालीनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. हिरव्या बाटल्या कशाच्या असतात हे पांढुर्ण्यात लहान पोरालाही ठाऊक आहे.

"गुणवंता," भाऊराव म्हणाले, "आपण रोज पाचवं शील म्हणतो. दारू पिणार नाई म्हणतो. आन तू विहाराच्या दरवाज्यावर..."

"पाचवं शील माणसासाठी हाय, भाऊराव. बाटलीनं कधी घोट घेतला का? थे बिचारी भरली, रिकामी झाली, नालीत पडली. तिले उचलून विहारात आणली, यात पाप मले लागन का पुण्य, तुम्हीच सांगा."

भाऊरावांनी उत्तर शोधलं. ते रेल्वेच्या नियमावलीत नव्हतं.

"धुतल्या का?"

"तीन पाण्यानं."

"आनखी एक डाव धू."

चौथ्या पाण्यानंतर आठवड्याभरात भाऊराव पुन्हा आले. या वेळी पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना रेल्वेचा एक जुना, मोडका हातदिवा भेट दिला होता. त्याची हिरवी जाड काच त्यांनी काढून आणली होती. वाटोळी, मध्ये फुगीर.

"हे बी बसव," ते दुसरीकडे पाहत म्हणाले. "पण कोपऱ्यात नाई. मधात."

"मधात कमळ काढाचं होतं मले."

"मधात," भाऊराव म्हणाले. कमळ गेलं.

लोखंडी फ्रेमचं काम सुखदेवकडे होतं. सुखदेव वेल्डिंगवाला गुणवंताच्या चार दुकानं पलीकडचा. पंचवीस वर्षं गुणवंतानं माप द्यायचं, सुखदेवनं फ्रेम करायची आणि गुणवंतानं काच बसवायची. इतक्या वर्षांत एक फ्रेम कधी चुकली नाही. गुणवंतानं तीन फुटांचं माप दिलं. सुखदेवनं फ्रेम केली, भाऊरावांनी ती बसच्या टपावरून बोरगावला नेली आणि गवंड्यानं सिमेंटात बसवली. इकडे काचेचं चाक लोखंडाच्या पातळ कड्यात बंद झालं.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी कुलदीपची पिकअप आली. एरवी तिच्यातून संत्र्यांच्या पेट्या जायच्या. पेट्यांत भरायचं तणस, म्हणजे वाळका पेंढा, गुडघाभर अंथरलं, त्यावर दोन गाद्या, गाद्यांच्या मध्ये चाक, आणि चाकाला मिठी मारून गुणवंता. शांताबाई आणि सुखदेव पुढे बसले. पांढुर्णा ते बोरगाव या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे सरकारला ठाऊक नसेल, पण त्या दिवसापासून गुणवंताला तोंडपाठ आहेत. प्रत्येकावर तो ओरडे, "कुलदीप, श्वास धर!" कुलदीप खरोखर श्वास धरी आणि त्या नादात ब्रेक दाबायला विसरे. सौसरला सगळे चहाला उतरले. गुणवंता उतरला नाही. शांताबाईनं त्याला गाडीतच कपातून चहा पाजला. रस्त्यावरच्या एका बाईनं विचारलं, "पेशंट कुठी नेऊन राहिले वो?"

बोरगावच्या विहारात समितीची माणसं जमली होती. भाऊराव शिडी धरून उभे होते. दोन माणसं दोन्ही बाजूंनी, वर सुखदेव. चाक वर गेलं. भोकापाशी पोहोचलं. आणि थांबलं.

"बसत नाई," सुखदेव वरून म्हणाला.

"बसत नाई म्हंजे? जरा ढकल."

"ढकलू?"

"नको! खाली घे! हळू... माय वो, हळू घे!"

चाक पुन्हा गादीवर आलं. गुणवंता स्वतः शिडीवर चढला. त्यानं फ्रेम मोजली. खाली उतरून चाक मोजलं. पुन्हा वर चढला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"एक सूत कमी हाय फ्रेम," तो म्हणाला. "सुखदेव, तीन फूट सांगतले होते ना तुले?"

"हाव ना. तीन फूटच केली मीनं. एक सूत सोडून."

"सोडून? कायले सोडून?"

"दरवेळेले सोडतो ना मी."

गुणवंता शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. सुखदेव डोकं खाजवत बोलू लागला. आता लपवून उपयोग नव्हता.

"तुम्ही काच एक सूत कमी कापता का नाई? मंग हवा आली का खिडकी वाजते. लोकं मले शिव्या देत, सुखदेवची खिडकी वाजते म्हणत. मंग मी फ्रेमच एक सूत लहान कराले लागलो. तवापासून एक बी खिडकी वाजली नाई."

"कवापासून?"

"तुमची प्रणाली तिसरीत असन तवापासून."

म्हणजे उस्तादाचं ते नागपुरी ज्ञान, ती हालायला-डोलायला जागा, ते फुगणं-आवळणं, सगळं वीस वर्षं सुखदेव गुपचूप पुसून टाकत होता. आणि पांढुर्ण्याच्या खिडक्या त्यामुळंच धड बसत होत्या. शांताबाईनं पदर तोंडाला लावला. खांदे मात्र हलत होते.

"हासून राहिली का वं?"

"नाई बाप्पा. खोकला हाय. टॉनिक सरलं ना."

सुखदेवला आता एकच कळत नव्हतं. "पण भाऊ, तुम्ही बी सूत सोडत असान ना दरवेळेसारखं? मंग बराबर बसाले पाह्यजे होतं."

गुणवंतानं खाली पाहूनच उत्तर दिलं. "या खेपेले नाई सोडलं. विहार हाय बे. विहारात काय सूत चोरू?"



मग सगळे एकदम बोलू लागले. कडं घासून लहान करावं तर मशीनच्या हादऱ्यानं तुकडे सुटतील. फ्रेम काढावी तर भिंत फोडावी लागेल, आणि गवंडी नातेवाइकांकडे नागपूरला गेलेला. भाऊराव घड्याळ पाहत होते. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, चाकाच्या मध्यभागी त्यांचाच हिरवा दिवा होता. पण शब्द म्हणजे शब्द.

"गुणवंता, मी सौसरले जातो. दुधी काच घेऊन येतो."

"जा," गुणवंता म्हणाला. "बोलाचं नाई म्हणलो होतो. नाई बोलत."

आणि तो खरोखर बोलला नाही. गादीजवळ बसला आणि खिशातल्या फडक्यानं चाकावरची धूळ पुसू लागला. नव्वद दिवसांचं काम होतं. शांताबाईनं नवऱ्याला गिऱ्हाइकांवर ओरडताना पाहिलं होतं, आरशाशी बोलताना पाहिलं होतं, पण असा गप्प बसलेला कधी पाहिला नव्हता. तिचा खोकला थांबला.

तिनं वर पाहिलं. दरवाजाच्या आतल्या बाजूला, गोल भोकाच्या वर, छताला पंख्यासाठी सोडलेली एक लोखंडी कडी होती.

"टांगून द्या ना," ती म्हणाली.

"काय?"

"पाळण्यासारखं. त्या कडीले साखळी बांधा आन भोकाच्या समोर टांगून द्या. अंदरून."

"काच हाय थे!" गुणवंता उसळला. बोलायचं नाही हे तो विसरला. "पाळणा हाय का? हालन, फिरन. लोकायले नीट दिसन तरी का? एका जागी थांबली पाह्यजे काच, तवा तिच्याकडे पाहता येते."

"दुधी लावली तर मंग नीट दिसन का?"

गुणवंतानं वर कडीकडे पाहिलं. भाऊरावांना मात्र एक शंका होती.

"आन पाखरं? भोक तर उघडंच राहीन."

"राहू द्या," शांताबाई म्हणाली. "पाखरायले बी पौर्णिमा हाय."

सुखदेवच्या पिशवीत झोपाळ्याची साखळी निघाली. ती त्यानं मोजली नाही, मोजायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहार भरला. पांढरे कपडे घातलेली बाया-माणसं सौसरहून, रामाकोन्याहून, आजूबाजूच्या खेड्यांतून आली होती. बाहेर खिरीचं मोठं पातेलं चुलीवर होतं. गुणवंता दरवाजाच्या आत, भिंतीला लागून उभा होता. नवा पांढरा सदरा, हात मागे बांधलेले. लोक बसू लागले. आणि तेव्हा त्याला दिसलं ते आजवर त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं. मूर्ती समोरच्या भिंतीला होती. खिडकी दरवाजावर. म्हणजे आत बसलेल्या प्रत्येक माणसाची पाठ त्याच्या काचेकडे.

तीन महिने तो रंगांची समजूत काढत राहिला. माणसं कुठं तोंड करून बसतील हे विचारायचं राहून गेलं.

भाऊरावांनी वंदना सुरू केली. "बुद्धं सरणं गच्छामि." शंभर आवाज मागोमाग उठले. ऊन अंगणातल्या झाडावर आलं, मग भिंतीवर, मग भोकातून आत. वाऱ्याची एक झुळूक आली. चाक थोडं फिरलं.

पहिल्यांदा एक लाल ठिपका समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आला आणि सरकत निघाला. त्याच्यामागून पिवळा. मग पानांची हिरवी रांग माणसांच्या पाठींवरून, खांद्यांवरून, टकलांवरून हळूहळू चालू लागली. शेवटच्या ओळीतल्या एका माणसाचा सदरा अर्धा निळा झाला. त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. एका आजीनं आपला तळहात पुढं केला. त्यावर नारंगी येऊन बसला. तिनं मूठ मिटली, उघडली, नारंगी पुन्हा तिथंच. ती पोरीसारखी हसली. वंदना चालू होती, पण सुरात हसू मिसळलं होतं. लोक एकमेकांकडे पाहत होते. भिंतीकडे, फरशीकडे, स्वतःच्या मांडीकडे पाहत होते. लोकांकडे तोंड करून वंदना सांगणाऱ्या भाऊरावांना आपल्या हातदिव्याचा हिरवा गोळा कुणाच्या डोक्यावर चाललाय ते दिसत होतं. त्यांची नजर त्याच्यामागं गेली आणि ते चौथं शील दोनदा म्हणाले.

वर काचेकडे कुणीच पाहिलं नाही. नाही म्हणायला सुखदेव पाहत होता. पण तो साखळीकडे पाहत होता.

वंदना संपली, ध्यान झालं, लोक उठले. भाऊराव घाम पुसत गुणवंताजवळ आले.

"गुणवंता, असं नाई चालाचं. ध्यानाले बसले आन लोकं डोये उघडून राहिले. सुखदेवले सांगतो मी. गवंडी आला का नवी फ्रेम बसवू. बराबर मापाची. काच एका जागी राहीन. तुले बी तेच पाह्यजे होतं ना?"

तेच पाहिजे होतं. गुणवंतानं तोंड उघडलं. त्याची नजर बायकांच्या बाजूला गेली. शांताबाई अजून भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या पांढऱ्या लुगड्यावरून एक हिरवं पान हळूहळू वर चढत होतं, गुडघ्यावरून मांडीवर, मांडीवरून पदरावर. ते गालावर येईल म्हणून ती हलत नव्हती. तिनं श्वास धरला होता. कुणीही तिला सांगितलेलं नव्हतं.

गुणवंता तिच्याकडे पाहत राहिला. वर चाक फिरत होतं, त्याला ते दिसत नव्हतं.

"राहू द्या, भाऊराव," तो म्हणाला.

"काय राहू द्या?"

"फ्रेम. राहू द्या. फिरू द्या तिले."

"आन ध्यान?"

"ध्यान करणारे डोये मिटून बसतीन. ज्याले पाहाचं थो पाहीन. कोनाले जबरदस्ती थोडीच हाय."

भाऊरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढ्यात हिरवा गोळा फिरत फिरत त्यांच्याच छातीवर येऊन थांबला. त्यांनी खाली पाहिलं, सदरा जरा ताठ केला आणि विषय बदलला. "खीर घे. गार होऊन राहिली."

पत्रावळी मांडल्या गेल्या. ऊन होतं तोवर कुणालाच बाहेर बसायचं नव्हतं. सगळे आत, दाटीवाटीनं, रंग पडेल तिथं बसले होते. गुणवंताला कशीबशी एका ओळीत जागा मिळाली. त्यानं खिरीचा पहिला घास घेतला, तोच शेजारच्या, रामाकोन्याहून आलेल्या म्हातारीनं त्याच्या खांद्याला बोट लावलं.

"ओ भाऊ, जरा तिकडे सरका. माहा रंग अडून राहिला तुमच्यानं."

गुणवंतानं पत्रावळ उचलली आणि सरकला.